अपघात विभागाच्या बंद दारांचा हिशेब कोण ठेवणार?

कारखाना बंद करावयाचा झाल्यास मालकाला सरकारला आगाऊ सूचना द्यावी लागते. कारखाना मोठा असेल तर परवानगीही मागावी लागते. रेल्वे रविवारी काही तास रुळांची दुरुस्ती काढते, तेव्हा 'मेगाब्लॉक'चे वेळापत्रक आधीच वृत्तपत्रांत येते. पाणीपुरवठा बंद राहणार असेल, तर तो कोणत्या विभागात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद राहील, हे महापालिका जाहीर करते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील नागरिक अशा सूचना वाचून आपला दिवस आखतात. मात्र ज्या एका सेवेचे दार बंद असल्याचे वेळेवर न कळणे माणसाच्या जिवावर बेतते, तिच्या बाबतीत अशी सूचना देण्याची पद्धत या शहरात रुजलेली नाही. ती सेवा म्हणजे रुग्णालयाचा अपघात व तातडीचा विभाग; लोकांच्या बोलण्यातील 'कॅज्युअल्टी'.

यावर अधिकारी मंडळींचे उत्तर ठरलेले असते. सार्वजनिक रुग्णालयाचा अपघात विभाग कधीच बंद नसतो, तो चोवीस तास चालू असतो, असे ते सांगतील. कागदावर ते खरेही आहे. दिवा लागलेला असतो, पाटी झळकत असते, टेबलामागे डॉक्टर बसलेला असतो. परंतु दार उघडे असणे आणि सेवा उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोक्याला मार लागलेला माणूस आणला जातो आणि 'मेंदूचे सर्जन नाहीत, शीवला न्या' असे सांगितले जाते. श्वास लागलेली म्हातारी येते आणि 'व्हेंटिलेटर रिकामा नाही, केईएमला बघा' अशी चिठ्ठी हाती पडते. त्या घटकेला त्या रुग्णापुरता तो विभाग बंदच झालेला असतो. या बंदची वेळ कोणी टिपत नाही, कारण कोणी सांगत नाही. म्हणूनच वर्षअखेरीस मुंबईतील अपघात विभाग किती तास बंद होते, या प्रश्नाचे उत्तर नागरिकाला कोठेही मिळत नाही.

बंद होण्याचे तीन प्रकार

अपघात विभाग तात्पुरता बंद पडण्याचे तीन प्रकार आपल्याकडे दिसतात. पहिला प्रकार इमारतीचा. इमारत धोकादायक ठरते, आग लागते किंवा पुनर्बांधणी निघते आणि रुग्णालय 'काही काळापुरते' हलवले जाते. दुसरा प्रकार माणसांचा. निवासी डॉक्टर संपावर जातात, किंवा मंजूर पदे रिकामी राहिल्यामुळे रात्रपाळीला तज्ज्ञ मिळत नाही. तिसरा प्रकार सर्वांत अदृश्य आणि सर्वांत नित्याचा, तो खाटांचा. वरच्या मजल्यावरील वॉर्ड भरलेले असले की खालचा रुग्ण स्ट्रेचरवर अडकून पडतो आणि पुढच्या रुग्णाला दुसरीकडची वाट दाखवली जाते. अपघात विभागाचे दार बहुधा वरच्या मजल्यावरून बंद होत असते, ही गोष्ट दारात डॉक्टरशी हुज्जत घालणाऱ्या नातेवाइकाच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या प्रकाराची उदाहरणे उपनगरांत दूर शोधावी लागत नाहीत. अंधेरी पूर्वेला मरोळ येथे राज्य विमा योजनेचे कामगार रुग्णालय आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी तेथे आग लागली, धुराने रुग्ण व नातेवाईक गुदमरले, दहाहून अधिक जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर रुग्णालय बंद झाले. त्याच मरोळमध्ये महापालिकेच्या जमिनीवर खासगी भागीदारीतून उभे राहिलेले आणि २०१० मध्ये सुरू झालेले सेव्हन हिल्स रुग्णालय आर्थिक अडचणी व दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडून त्याच २०१८ साली बंद पडले होते. म्हणजे विमानतळ, औद्योगिक वसाहत, मेट्रो आणि दाट झोपडवस्त्या यांनी गजबजलेल्या एकाच परिसरातील दोन मोठी रुग्णालये त्या वर्षाच्या अखेरीस एकाच वेळी अंधारात होती.

आग लागलेली इमारत बंद करू नये, असे कोणीही म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या एका मॉलमधील रुग्णालयाला लागलेल्या आगीने असुरक्षित इमारतीत रुग्ण ठेवण्याची किंमत पुन्हा दाखवून दिली. प्रश्न आहे तो बंद झाल्यानंतरचा. कामगार विमा योजनेत त्या वेळी कामगाराच्या वेतनातून पावणेदोन टक्के आणि मालकाकडून पावणेपाच टक्के, असे एकूण साडेसहा टक्के कापले जात होते. जुलै २०१९ पासून हे दर खाली आले, तरी कपात थांबली नाही. रुग्णालय बंद झाल्यावर अंधेरीच्या कामगाराला दूरच्या कांदिवलीकडे किंवा करारातील खासगी रुग्णालयांकडे पाहणे भाग पडले. हप्ता नियमित आणि सेवा स्थगित, असा व्यवहार एखाद्या विमा कंपनीने केला असता, तर ग्राहक न्यायालयात तिची धडगत नव्हती.

महापालिकेच्या रुग्णालयांची कथा निराळी नाही. बोरिवलीच्या भगवती रुग्णालयाची पुनर्बांधणी दशकाहून अधिक काळ रेंगाळली. गोरेगावचे सिद्धार्थ रुग्णालय इमारत धोकादायक ठरल्यावर २०१९ मध्ये बंद झाले. मुलुंडच्या एम. टी. अगरवाल रुग्णालयाचीही पुनर्बांधणी निघाली आणि तिने तेथील रहिवाशांना वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले. 'तात्पुरते' या शब्दाला सरकारी मराठीत कालमर्यादा नाही. मूल जन्माला यावे, शाळेत जावे आणि माध्यमिक वर्गात पोहोचावे, एवढ्या काळात शेजारचे रुग्णालय 'तात्पुरते' स्थलांतरितच असावे, याला निराळा शब्द योजावयास हवा.

लोकसंख्या एकीकडे, रुग्णालये दुसरीकडे

या बंदचे परिणाम दक्षिण मुंबईपेक्षा उपनगरांत अधिक तीव्र का होतात, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. मुंबईची मोठी सार्वजनिक रुग्णालये शहर लहान होते तेव्हाची आहेत. जे. जे. रुग्णालय १८४५ चे, नायर १९२१ चे, केईएम १९२६ चे. उपनगरे बृहन्मुंबईत आली ती त्यानंतर, १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत. दुसऱ्या टप्प्यात महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. गिरणगाव ओसरला, चाळींतील कुटुंबे उत्तरेकडे सरकली. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख भरली. चारपैकी तीन मुंबईकर उपनगरात राहतात आणि गुंतागुंतीच्या दुखापतीवर रात्री दोन वाजताही हमखास उपचार होतील अशी रुग्णालये मात्र प्रामुख्याने भायखळा, मुंबई सेंट्रल, परळ आणि शीव येथेच राहिली.

उपनगरांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कूपर रुग्णालयाची नवी इमारत झाली आणि २०१५ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. पश्चिम द्रुतगती मार्गालगत जोगेश्वरीला २०१३ मध्ये ट्रॉमा केअर रुग्णालय आले. राजावाडी, शताब्दी, भाभा अशी उपनगरीय रुग्णालये रोज हजारो रुग्णांची सेवा करतात. परंतु या साखळीत जादा कडी नाही. एक कडी निखळली की पुढच्या कडीवर भार येतो आणि तीही निखळते. भगवतीचा भार कांदिवलीच्या शताब्दीवर, शताब्दीचा कूपरवर, कूपरचा केईएमवर. पूर्वेकडे मुलुंडचा राजावाडीवर आणि राजावाडीचा शीववर. बोरिवलीहून परळ पंचवीस किलोमीटरहून अधिक दूर आहे; मुलुंडहून शीव पंधराहून अधिक. दुपारच्या वाहतुकीत हे अंतर किती वेळ खाते, ते त्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांना सांगावयास नको. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अपघातात रक्तस्राव होत असेल, तर पहिला तासच निर्णायक ठरतो. या घड्याळाला रस्त्यावरची कोंडी दिसत नाही.

जवळचे रुग्णालय उघडे असण्याचे मोल किती, हे १३ मे २०२४ रोजी घाटकोपरने पाहिले. वादळी वाऱ्यात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला. सतरा माणसे मृत्युमुखी पडली, सत्तरहून अधिक जखमी झाली आणि जखमींचा मोठा लोंढा काही मिनिटांच्या अंतरावरील राजावाडी रुग्णालयात पोहोचला. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये सात स्फोट झाले, तेव्हाही उपनगरांतील जखमींचा पहिला आधार कूपर आणि भगवती हाच होता. त्या संध्याकाळी यांपैकी एखादे रुग्णालय 'तात्पुरते बंद' असते तर काय झाले असते, हा प्रश्न काल्पनिक समजून सोडून देता येणार नाही. दुर्घटना दुरुस्तीचे वेळापत्रक विचारून येत नाही.

न्यायालयाने सांगितले, ते कोणी ऐकले?

कायद्याच्या दृष्टीने या विषयात संदिग्धता उरलेली नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमी माणसाला तातडीचे उपचार देणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार त्याआड येऊ शकत नाहीत. १९९६ चा पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीचा खटला तर आपल्या विषयाशी तंतोतंत जुळणारा आहे. आगगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. अखेर त्याला खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोडावे लागले. न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, पंचवीस हजार रुपयांची भरपाई देवविली आणि पैशाची चणचण ही सबब चालणार नाही, असे बजावले. त्याहून महत्त्वाचा आदेश पुढे होता. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे तत्काळ कळेल आणि रुग्णाला थेट तेथेच पाठवता येईल, अशी मध्यवर्ती दळणवळण यंत्रणा उभारावी, असे न्यायालयाने सांगितले आणि खटल्यात पक्षकार नसलेल्या इतर राज्यांनीही त्याप्रमाणे पावले टाकावीत, अशी अपेक्षा व्यक्त केली.

त्या निकालाला आता तीस वर्षे होत आली. लोकलमधून पडून वा रूळ ओलांडताना ज्या शहरात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावत आली आहेत, त्या शहराने तरी हा आदेश शिरोधार्य मानावयास हवा होता. खासगी क्षेत्राची स्थितीही समाधानकारक नाही. तातडीच्या रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन घालणारा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या आहेत आणि तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यावयाचे आहे. उपनगरांतील किती रहिवाशांना हा आपला हक्क आहे हे ठाऊक असेल? सार्वजनिक रुग्णालयात खाट नाही आणि खासगी रुग्णालयात अनामत रकमेशिवाय प्रवेश नाही, या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाची अवस्था 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' अशी होते.

शहराने एकदा करून दाखवले आहे

हे सारे अशक्यप्राय आहे, असा सूर कोणी लावील, तर त्याला २०२० आणि २०२१ या वर्षांची आठवण करून द्यावी लागेल. कोविडच्या प्रारंभी, एप्रिल २०२० मध्ये, कर्मचाऱ्यांना संसर्ग झाल्यामुळे मुंबई सेंट्रलच्या व्होकहार्टसारखे मोठे खासगी रुग्णालयही प्रतिबंधित करावे लागले होते. अनेक छोट्या शुश्रूषागृहांनी आपली दारे लावून घेतली, तेव्हा परवाने रद्द करण्याचा इशारा महापालिकेला द्यावा लागला. प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण दारोदार फिरत होते. मुंबईने अपघात विभागांचा खराखुरा बंद अनुभवला तो त्या दिवसांत.

पण त्यानंतर काय झाले? जून २०२० पर्यंत चोवीसही प्रशासकीय विभागांत 'वॉर रूम' उघडल्या. खाट शोधण्याची जबाबदारी रुग्णाच्या नातेवाइकाकडून महापालिकेने स्वतःकडे घेतली. कोणत्या रुग्णालयात किती खाटा, किती अतिदक्षता खाटा आणि किती व्हेंटिलेटर रिकामे आहेत, याची नोंद एका ठिकाणी येऊ लागली. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगाव, दहिसर, मुलुंड येथे तात्पुरती जम्बो केंद्रे काही आठवड्यांत उभी राहिली. आणि मरोळचे ते बंद पडलेले सेव्हन हिल्स रुग्णालय? महापालिकेने ते हाती घेऊन शहरातील एक प्रमुख कोविड रुग्णालय बनवले. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राणवायूच्या व्यवस्थापनाबाबत मुंबईच्या अनुभवापासून शिकण्याची सूचना इतरांना केली.

थोडक्यात, १९९६ च्या निकालाने सांगितलेली यंत्रणा मुंबईने चोवीस वर्षे उशिरा का होईना, पण उत्तम रीतीने उभारली होती. साथ ओसरली आणि ती आवरून ठेवण्यात आली. अपघात, हृदयविकार, पक्षाघात, सर्पदंश, भाजणे यांची साथ मात्र कधीच ओसरत नाही. एका रोगासाठी जी व्यवस्था शक्य होती, ती इतर सर्व रोगांसाठी अशक्य का ठरावी, याचे समाधानकारक उत्तर प्रशासनाने दिले पाहिजे.

रिकाम्या खाटेचे अर्थशास्त्र

या प्रश्नाच्या मुळाशी हिशेबाची एक जुनी चूक आहे. शंभर खाटांच्या रुग्णालयात शंभर रुग्ण असतील, तर साधनांचा पूर्ण वापर झाला असे आपण समजतो आणि दहा खाटा रिकाम्या दिसल्या तर उधळपट्टी झाली असे म्हणतो. कापडाच्या मागाला हा हिशेब लागू आहे. ज्या सेवेची मागणी केव्हा येईल ते सांगता येत नाही, तिला तो लागू नाही. अग्निशमन दलाचा बंब दिवसातील बहुतेक वेळ उभाच असतो. म्हणून कोणी बंबांची संख्या निम्मी करा असे म्हणत नाही. बंबाचे उत्पादन आग विझवणे एवढेच नसून शेजारच्या हजारो घरांना मिळणारी निश्चिंती हेही आहे. तातडीच्या विभागातील रिकामी खाट असाच एक विमा आहे. सर्व खाटा सदैव भरलेल्या ठेवणारे रुग्णालय पुढच्या रुग्णाला नाकारण्याची तयारी आधीच करून बसलेले असते.

दुसरा मुद्दा खर्च कोणाच्या माथी जातो याचा. विभाग बंद ठेवल्याने रुग्णालयाचा खर्च वाचतो. तो नाहीसा होत नाही. तो रुग्णवाहिकेच्या भाड्याच्या, खासगी रुग्णालयाच्या अनामतीच्या, गहाण पडलेल्या दागिन्यांच्या आणि बुडालेल्या रोजगाराच्या रूपाने कुटुंबाकडे सरकतो. काही वेळा तो कायमच्या अपंगत्वाच्या रूपाने वसूल होतो. महापालिकेच्या ताळेबंदात यातील काहीच दिसत नाही आणि जे ताळेबंदात दिसत नाही, त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होत नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात आरोग्यासाठी सात हजार कोटींहून अधिक, म्हणजे साधारण दहावा हिस्सा होता. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेला पैशाची सबब शोभत नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात वॉर्डातील रुग्णालय का उघडत नाही, असे सभागृहात विचारणारा नगरसेवकही नव्हता.

डॉक्टरांवर सारा दोष ढकलणे सोपे, पण अन्यायाचे आहे. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे एका निवासी डॉक्टरला झालेल्या अमानुष मारहाणीनंतर राज्यभर डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. त्याच सुमारास शीव रुग्णालयातही मारहाण झाली होती. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा असूनही ही वेळ आली. गर्दीने कोंदलेल्या अपघात विभागात उशीर होतो, उशिरामुळे संताप, संतापातून हल्ला, हल्ल्यातून संप आणि संपामुळे पुन्हा बंद दार, असे हे दुष्टचक्र आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर झालेल्या आंदोलनात निवासी डॉक्टरांनी बाह्यरुग्ण सेवा थांबवली, पण तातडीची सेवा चालू ठेवली. हा विवेक त्यांनी दाखवला. आता व्यवस्थेने आपला वाटा उचलावा.

काय करता येईल?

पहिली गोष्ट नोंदीची. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताने २००९ मध्ये कायदाच केला. प्रत्येक रुग्णालयाचा तातडीचा विभाग वर्षभरात किती तास बंद राहिला आणि का, याचा अहवाल तेथील आरोग्यमंत्र्याला दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो. त्यामुळे विभाग बंद पडणे थांबले, असे नाही. ओंटारिओ या दुसऱ्या प्रांतात तर २०२२-२३ च्या एका वर्षात असे दोनशेहून अधिक प्रसंग महालेखापरीक्षकांनी मोजले. पण मोजले, हे महत्त्वाचे. मोजल्यामुळे परिचारिकांची आणि डॉक्टरांची टंचाई हे कारण चव्हाट्यावर आले आणि सरकारला उत्तर द्यावे लागले. मुंबईतील प्रत्येक सार्वजनिक व धर्मादाय रुग्णालयाने अन्यत्र पाठवलेल्या तातडीच्या रुग्णांची संख्या, वेळ आणि कारण रोज नोंदवावे आणि महापालिकेने ते दरमहा मराठीत प्रसिद्ध करावे. प्रामाणिकपणे नोंद करणारे रुग्णालय बदनाम होईल, ही भीती रास्त आहे. म्हणून पहिली दोन वर्षे या नोंदींवरून कोणाही कर्मचाऱ्यावर कारवाई करू नये. त्यांचा उपयोग पदे भरण्यासाठी आणि खाटा वाढवण्यासाठीच व्हावा.

दुसरी गोष्ट, रुग्ण पाठवण्याची जबाबदारी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००९ पासून रुग्णवाहिका अन्यत्र वळवण्याची मुभाच काढून घेतली. रुग्णालये कोलमडतील असे भाकीत होते. पुढील अभ्यासांत तातडीच्या विभागातील रुग्णांचा मुक्काम वाढलेला आढळला नाही. दार लावता येत नाही म्हटल्यावर रुग्णाला वरच्या मजल्यावर लवकर नेण्याचे मार्ग सापडले. आपल्याकडे एकदम असे फर्मान काढणे शहाणपणाचे नाही. परंतु पुढील रुग्णालयातील खाट निश्चित झाल्याखेरीज आणि सोबत प्रशिक्षित माणूस दिल्याखेरीज कोणाच्याही हाती केवळ चिठ्ठी देऊ नये, एवढा नियम उद्यापासून करता येईल. त्यासाठी वॉर्डांच्या 'वॉर रूम' पुन्हा उघडाव्यात आणि त्या १०८ च्या रुग्णवाहिका सेवेशी व महापालिकेच्या १९१६ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडाव्यात. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या १०८ सेवेचा चालक कोठे जावयाचे हे न कळता फिरत राहिला, तर ती रुग्णवाहिका उपयोगाची नाही.

तिसरी गोष्ट इमारतींची. पर्याय आधी, कुलूप नंतर, हा दंडक असावा. रुग्णालय पाडावयाचे असेल तर त्याच विभागात तेवढ्याच क्षमतेचा अपघात कक्ष चालू झाल्याचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत ठेकेदाराला जागेचा ताबा देऊ नये आणि आग लागून अचानक बंद पडल्यास असा कक्ष किती दिवसांत उभा राहील, ते आधीच ठरलेले असावे. जम्बो केंद्रे काही आठवड्यांत उभारणाऱ्या महापालिकेला हे जड जाऊ नये.

चौथी गोष्ट खासगी रुग्णालयांची. बंधन घालावयाचे आणि खर्च कोणी द्यावयाचा ते सांगावयाचे नाही, यातून पळवाटाच निघतात. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे २०२५ मध्ये केंद्राने दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. त्याच धर्तीवर रेल्वे अपघात, हृदयविकार, पक्षाघात आणि प्रसूतीतील गुंतागुंत यांसाठी पहिल्या चोवीस तासांचा खर्च भागवणारा महापालिकेचा निधी असावा. पैसे मिळण्याची खात्री असलेले रुग्णालय दारातच अनामत मागणार नाही. आणि तरीही मागितलीच, तर त्याला शासन करणे न्याय्य ठरेल.

यांपैकी कोणतीही सूचना क्रांतिकारक नाही. बहुतेकांसाठी नवा कायदाही लागत नाही. न्यायालयाचा निकाल आहे, यंत्रणेचा अनुभव आहे, तिजोरीत पैसा आहे. उणीव आहे ती आपण रुग्णाला नाकारले, हे लिहून ठेवण्याच्या तयारीची. मुलुंड आणि बोरिवलीच्या नागरिकांनी आपल्या नव्या नगरसेवकांकडे पदपथ आणि उद्यानांबरोबर हीही मागणी करावी. आमच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गेल्या महिन्यात किती रुग्णांना बंद होता, तो आकडा आम्हाला द्या. आकडा मागितला की तो मोजावा लागेल. मोजला की तो लाजिरवाणा निघेल. आणि लाज वाटली, तरच तो कमी होऊ लागेल.